जुन्या फ्लॅटचे दोन भाव

जुना फ्लॅट बघायचा तर जुलैत बघावा. एप्रिल-मेमध्ये सगळीच घरं शहाणी दिसतात. हे मला ज्यांनी सांगितलं, त्यांचं पोटच जुन्या फ्लॅटवर चालतं. पूर्वी ते सरकारी बांधकाम खात्यात कनिष्ठ अभियंता होते. स्वेच्छानिवृत्तीनंतर पुण्यात तीस-पस्तीस वर्षांच्या इमारतींमधले फ्लॅट घ्यायचे, दुरुस्त करायचे आणि विकायचे, हा त्यांचा धंदा झाला. अधूनमधून एखादा भाड्यासाठी ठेवून देतात. 'नाव छापू नका, सोसायट्यांचे सेक्रेटरी दिवाळी अंक बारकाईने वाचतात,' अशी त्यांची अट होती. तेव्हा या लेखात ते नुसते अभियंते.

संपादकांनी यंदा विषय दिला तो 'घर नावाची गुंतवणूक'. सोबत तंबीही दिली, की स्विमिंग पूल आणि क्लब हाउस असलेल्या टॉवरांवर लिहायचं नाही, त्यांच्या जाहिराती अंकात आहेतच. मग उरतात ती आपल्या आजूबाजूची तीन-चार मजली, बिनलिफ्टची, पिवळट रंगाची घरं. कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर, बिबवेवाडी इथे ती रांगेने उभी आहेत. ऐंशीच्या दशकात कोथरूड हे आशियातलं सर्वांत वेगाने वाढणारं उपनगर होतं, असं पुणेकर अजून ऐकवतात. कुणी मोजलं होतं, हे विचारायचं नसतं. त्या वेगात बांधलेल्या इमारती आता चाळिशीला टेकल्या आहेत, पहिले मालक ऐंशीला टेकले आहेत आणि मुलं बाणेरला नाहीतर बोस्टनला आहेत. त्यामुळे हे फ्लॅट विकायला निघतात, आणि अभियंत्यांसारख्या माणसांचे फोन वाजू लागतात.

थोडा कलर लागेल

कोथरूडमधली ती इमारत १९८८ सालची. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे थेट गच्चीखाली. मालकीणबाई गेल्यापासून बंदच होता. एजंटताईंनी किल्ली फिरवता फिरवताच सांगून टाकलं, "साहेब, थोडा कलर लागेल, बाकी काही नाही." या धंद्यात 'थोडा कलर' या दोन शब्दांत पोपडे, झुरळं, तुंबलेली मोरी आणि लोंबणाऱ्या वायरी असं सगळं मावतं.

मी हॉलमध्ये थांबले. अभियंते मात्र सरळ संडासात शिरले. "पाहुणे हॉलपासून सुरू करतात. मी इथून." खिशातून लहान हातोडी काढून ते लाद्यांवर टकटक करत गेले. पक्क्या लादीचा आवाज ठाम येतो, पोकळ लादीचा भदभद. मग बाथरूमच्या भिंतीला लागून असलेल्या बेडरूममध्ये जाऊन त्यांनी कपाट पुढे ओढायला सांगितलं. मागे जमिनीपासून दोन फूट उंचीपर्यंत गिलावा फुगलेला, पांढरी बुरशी धरलेली. ताई म्हणाल्या, "बंद घर आहे ना." अभियंत्यांनी मान डोलावली, पण वहीत वेगळंच काही लिहिलं.

त्यानंतर त्यांनी जे केलं, ते मी फ्लॅट घेणाऱ्या कुणालाही करताना पाहिलं नव्हतं. खाली दुसऱ्या मजल्यावर जाऊन त्यांनी बेल वाजवली आणि दार उघडणाऱ्या काकूंना नमस्कार करून म्हणाले, "काकू, वरचा फ्लॅट बघायला आलोय. तुमच्या बाथरूमचं छत दाखवता का जरा?" काकू जणू या प्रश्नाचीच वाट बघत होत्या. छत दाखवलं, त्यातून बाहेर आलेल्या दोन गंजक्या सळ्या दाखवल्या, खाली लावलेली बादली दाखवली, सोसायटीला दिलेल्या पत्रांची फाइल आणली. वरती ताईंना पाऊण तासात न सुचलेली माहिती इथे पाच मिनिटांत, चहासकट मिळाली.

जुन्या इमारतीत संडास-बाथरूमचा स्लॅब बाकी घरापेक्षा फूट-सव्वा फूट खाली टाकलेला असतो. त्या खड्ड्यातून सांडपाण्याचे पाइप आणि नहाणी ट्रॅप जातात आणि वरून विटांच्या तुकड्यांचा कोबा भरून लादी बसवतात. वर्षानुवर्षांच्या गरम-थंड पाण्याने आणि ॲसिडच्या बाटल्यांनी पाइपांचे सांधे सुटतात. पाणी खड्ड्यात साठतं आणि खालच्या घराच्या छतातून वाट काढतं. वरच्याला याचा पत्ता नसतो, कारण त्याची लादी कोरडी असते. दुरुस्ती मात्र वरच्याच घरात करावी लागते. त्यामुळे फ्लॅट विकत घेणारा माणूस खालच्या काकूंची ती फाइलही विकत घेतो. भावात ती कुणी धरत नाही.

सळईचा गंज

बाथरूमची गळती पैसे टाकून थांबवता येते. अभियंत्यांना खरी धास्ती पार्किंगमधल्या खांबांची. ते खाली उतरले आणि प्रत्येक खांबाभोवती फिरले. खांबाच्या कोपऱ्यालगत उभी, सरळ भेग दिसली की ते थांबतात. आडवीतिडवी केसासारखी भेग गिलाव्याची असू शकते. सळईच्या रेषेत उभी चाललेली भेग आतून आलेली असते.

काँक्रीट मुळात अल्कधर्मी असतं आणि त्या अल्कतेमुळे आतलं पोलाद सुरक्षित राहतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरत जातो, अल्कता कमी करतो आणि हा थर सळईपर्यंत पोचला, वर ओलही असली, की पोलाद गंजू लागतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा व्यापतो. तो आतून काँक्रीटला ढकलतो, कव्हर सुटतं आणि खपल्या पडतात. स्ट्रक्चरल ऑडिट करणारे खांबाचा टवका काढून त्यावर फिनॉल्फ्थॅलीनचं द्रावण मारतात. निरोगी भाग गुलाबी होतो, मेलेला भाग बिनरंगाचा राहतो. अकरावीच्या प्रयोगशाळेतलं ते द्रावण चाळीस फ्लॅटांचं भवितव्य सांगतं, हे पाहून मला रसायनशास्त्राबद्दल उशिरा का होईना आदर वाटला.

या इमारतींचं काँक्रीट तसं हलकंच. १९७८च्या भारतीय मानकात आरसीसीसाठी एम-१५ प्रतीचं काँक्रीट चालत असे. २००० साली मानक सुधारलं तेव्हा किमान प्रत एम-२० झाली. शिवाय त्या काळी काँक्रीट जागेवरच मिसळलं जाई आणि त्यात पाणी किती घालायचं हे मुकादमाच्या मनावर असे.

खांब एकट्या फ्लॅटमालकाला दुरुस्त करता येत नाही, तो सगळ्यांचा. सोसायटीच्या आदर्श उपविधींनुसार पंधरा ते तीस वर्षं वयाच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांपुढच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवं. कोथरूडच्या या सोसायटीत शेवटचं ऑडिट कधी झालं, असं सेक्रेटरींना विचारलं. ते म्हणाले, "कशाला? रीडेव्हलपमेंटला जायचंच आहे."

या एका वाक्याने पुण्यातल्या हजारो इमारतींच्या डागडुजीला खीळ घातली आहे.

घसारा कशाला लागतो

अभियंते फ्लॅटचा भाव एकदा नाही, दोनदा काढतात. पहिला भाव राहण्याच्या घराचा: इथे कुटुंब राहायला आलं किंवा भाडेकरू आला तर काय देईल? दुसरा भाव जमिनीतल्या हिश्श्याचा: ही इमारत उद्या पाडली तर या फ्लॅटच्या वाट्याला किती जमीन येते आणि त्या जमिनीवर किती बांधता येईल?

ही विभागणी त्यांच्या डोक्यातून निघालेली नाही. मुद्रांक शुल्कासाठी सरकार जे मूल्यांकन करतं त्यातही ती आहे. रेडी रेकनरमध्ये त्या भागातल्या फ्लॅटचा दर असतो आणि मोकळ्या जमिनीचाही. जुन्या फ्लॅटला वयानुसार घसारा मिळतो, पण तो पूर्ण दरावर मिळत नाही. फ्लॅटच्या दरातून जमिनीचा दर वजा करतात, उरलेल्या फरकाला घसारा लावतात आणि जमिनीचा दर पुन्हा मिळवतात. समजा फ्लॅटचा दर चौरस मीटरला एक लाख, जमिनीचा चाळीस हजार आणि घसारा ४० टक्के. तर साठ हजारांचे छत्तीस हजार होतात, त्यात चाळीस मिळवून दर येतो शहात्तर हजार. म्हातारं होतं ते बांधकाम. जमिनीला सरकारी हिशेबातही वय नाही.

दुरुस्तीवर केलेला सगळा खर्च यातल्या पहिल्या भावात जातो. दुसऱ्या भावाला तुमच्या इटालियन मार्बलशी देणंघेणं नाही. बँकेच्या व्हॅल्युएशनवाल्यालाही फारसं नाही. तो मंजूर नकाशा, क्षेत्रफळ, आजूबाजूचे व्यवहार आणि इमारतीचं उरलेलं आयुष्य बघतो, मॉड्युलर किचनकडे कौतुकाने पाहतो आणि अहवालात त्याचा उल्लेखही करत नाही.

दुसऱ्या भावाचं सगळं रस्त्यावर अवलंबून. डिसेंबर २०२० पासून राज्याच्या बहुतेक भागात लागू असलेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत, गावठाणासारखा दाट भाग सोडला, तर मूळ एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येतं तो आकडा, १.१० आहे. ९ ते १२ मीटरच्या रस्त्यावर पैसे भरून मिळणारा प्रीमियम एफएसआय आणि विकत घेतलेले विकासहक्क, म्हणजे टीडीआर, धरून तो २ पर्यंत जातो, पूरक क्षेत्र वेगळं. रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर प्रीमियमही नाही आणि टीडीआरही नाही. म्हणून अभियंते इमारतीत शिरण्याआधी गल्लीची रुंदी टेपने मोजतात. कर्वेनगरात त्यांनी मला दोन इमारती दाखवल्या. एकीचं नुकतंच रंगकाम झालेलं, दारात तुळशी वृंदावन, जिना चकाचक, आणि रस्ता सहा मीटर. दुसरी काळवंडलेली, वर टाकी गळणारी, पण मोठ्या प्लॉटवर जेमतेम आठ फ्लॅट आणि समोर बारा मीटरचा रस्ता. राहायला मी पहिली निवडली असती. "बायको पण हेच म्हणते," अभियंते म्हणाले.

दर चौरस फुटाच्या गप्पांमध्ये आणखी एक खाच आहे. १९८८च्या करारात 'साडेसातशे फूट बिल्ट-अप' लिहिलेलं असतं. टेप लावली की कार्पेट निघतं सहाशेच्या आसपास. नव्या प्रकल्पांत रेरा आल्यापासून, म्हणजे मे २०१७ पासून, विक्री कार्पेटवरच करावी लागते, त्यामुळे जुन्याच्या बिल्ट-अप दराची नव्याच्या कार्पेट दराशी तुलना करणारा आधीच फसलेला असतो. त्यात बंद केलेली बाल्कनी. ती आता मुलाची अभ्यासाची खोली आहे, तिथे त्याने दहावी-बारावी केली, पण मंजूर नकाशात ती बाल्कनीच. मालक ती धरून भाव सांगतो, पुनर्विकासाच्या टेबलावर बिल्डर ती वगळून बोलतो, आणि अर्ध्या सभा या चाळीस फुटांवर मोडतात.

शेजारचा फ्लॅट कितीला गेला, हे पूर्वी पानाच्या टपरीवर कळायचं. आता नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा गोषवारा, बघता येतो. त्यात 'मोबदला' आणि 'बाजारभाव' असे दोन आकडे शेजारीशेजारी असतात; यातला बाजारभाव म्हणजे सरकारी दराने काढलेली किंमत. मोबदला बाजारभावाला अगदी चिकटून असेल तर अभियंते समजून जातात, की उरलेलं पिशवीतून गेलं. असे व्यवहार ते तुलनेला घेत नाहीत. बँकेचं मोठं कर्ज असलेला व्यवहार त्यांना जास्त विश्वासाचा वाटतो. कर्ज घेणाऱ्याला खरा आकडा कागदावर आणावाच लागतो.

दहा लाख कुठे जातात

सहकारनगरमध्ये त्यांच्या एका फ्लॅटचं काम चालू होतं. परभणीकडचे मिस्त्री, त्यांचे दोन भाऊ, एक बिगारी. सुतारकामाला राजस्थानी टोळी नंतर येणार होती. लिफ्ट नाही, म्हणून राडारोडा गोणीमागे पैसे ठरवून खांद्यावरून खाली. सोसायटीने तोडफोडीची वेळ सकाळी दहा ते दुपारी एक आणि चार ते सहा अशी ठरवलेली. मधले तीन तास मिस्त्री भिंतीला टेकून बसतात आणि त्या तीन तासांचीही मजुरी लागते. अंदाजपत्रकात हा आकडा कधी नसतो.

"मॅडम, आधी पोट, मग तोंड," मिस्त्री म्हणाले. पोट म्हणजे दोन्ही बाथरूमचा कोबा उखडून नवं वॉटरप्रूफिंग, गंजलेले जीआय पाइप काढून सीपीव्हीसी, सगळं वायरिंग नवं. ऐंशीच्या दशकातल्या घरात अर्थिंगची तार सगळीकडे नसते, हॉलमध्ये दोन पाच-अँपिअरचे पॉइंट असतात आणि त्यांना एक्सटेन्शनच्या माळा लोंबत असतात. आता दोन एसी, गिझर, वॉशिंग मशीन आणि इंडक्शन चालवायचं तर जाड तारा, वेगळे सर्किट, आरसीसीबी आणि वीज कंपनीकडून मंजूर भार वाढवून घेणं, हे सगळं आलं. अभियंत्यांच्या हिशेबात दोन बेडरूमच्या घराला साधारण दहा लाख लागतात आणि त्यातले साडेतीन-चार लाख या पोटात जातात. घर बघायला आलेल्या माणसाला त्यातलं काहीच दिसत नाही. तो ड्रॉवर उघडतो, आपटतो, सॉफ्ट-क्लोज बघून खूश होतो.

पोट वगळून नुसतं तोंड रंगवणारेही आहेत. ओल असलेल्या स्लॅबखाली फॉल्स सीलिंग, फुगलेल्या भिंतीवर पीव्हीसी पॅनल, वर पिवळे एलईडी आणि एक बुद्ध. असं घर पहिल्या पावसाळ्याआधी विकायचं असतं. एखाद्या जुन्या फ्लॅटमध्ये फक्त बाथरूमच्या मागच्याच भिंतीला पॅनल दिसलं, तर अभियंते ते सोलून बघू द्या म्हणतात. मालक नाही म्हणाला की ते चप्पल घालतात.

फरशीचा प्रश्न मला वाटला त्यापेक्षा अवघड निघाला. जुनी मोझॅक लादी ठेवून तिच्यावर मोरबीची मोठी व्हिट्रिफाइड टाइल बसवणं स्वस्त आणि झटपट. पण ती जुन्या पद्धतीने, दोन इंच सिमेंट-वाळूच्या थरावर बसवली, तर दर चौरस मीटरला शंभर किलोच्या वर नवं वजन चढतं. पंचावन्न चौरस मीटरच्या घरात ते पाच-सहा टन झालं, आणि तेही एम-१५च्या स्लॅबवर. चिकटवणाऱ्या ॲडहेसिव्हने वजन बरंच कमी होतं, पण जमीन अर्धा-पाऊण इंच वर येते, सगळी दारं खालून कापावी लागतात आणि बाथरूमचा उंबरा बुटका होऊन पाणी हॉलमध्ये येतं. अभियंत्यांनी इथे तिसरा मार्ग धरला होता. लादी तीच ठेवून पॉलिश करून घेतली. हिरवट-पिवळट ठिपक्यांची ती लादी घासल्यावर अशी काही उजळली, की गेल्या आठवड्यात एक तरुण आर्किटेक्ट येऊन 'व्हिंटेज' म्हणून फोटो काढून गेली. मिस्त्रींना त्या शब्दाचं हसू आवरत नव्हतं.

आता गणित. समजा फ्लॅट ८० लाखांना मिळाला. पुण्यात पुरुषाच्या नावावर घेतला तर मुद्रांक शुल्क मेट्रो अधिभारासह ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार. नोंदणी फी ३० हजार. एजंटला एक टक्का, ८० हजार. सोसायटीची हस्तांतर फी, जिच्यावर शासनाच्या २००१च्या परिपत्रकाने महापालिका हद्दीत २५ हजारांची मर्यादा घातली आहे आणि जी ओलांडण्यासाठी 'ऐच्छिक देणगी' नावाची सोय आहे. दुरुस्ती दहा लाख. साठ लाखांचं कर्ज आठ टक्क्यांनी आठ महिने चाललं तर व्याज ३ लाख २० हजार. विकताना पुन्हा एजंट, लाखभर. बेरीज १ कोटी १ लाखाच्या पुढे जाते. ८० लाखांचं घर आठ महिन्यांत सव्वीस टक्क्यांहून थोडं जास्त चढं विकल्यावर अभियंते जिथून निघाले तिथे परत येतात. नफ्याचा पहिला रुपया त्यानंतर.

त्या रुपयावर कर आहे. घर चोवीस महिन्यांच्या आत विकलं तर नफा अल्पमुदतीचा आणि कर उत्पन्नाच्या टप्प्याप्रमाणे. दुरुस्तीचा खर्च वजा मिळतो, पण पावती हवी. मिस्त्री रोख घेतात, वाळूवाला रोख घेतो, सुतार अर्धं रोख घेतो, आणि दहा लाखांतले चार कागदावरून उडून जातात.

त्यांच्या बऱ्याच खरेद्या आता पत्नीच्या नावावर असतात. एकट्या स्त्रीच्या नावावर खरेदी असेल तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. २०२१ साली ती आली तेव्हा पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही अशी अट होती आणि फिरवाफिरवीच्या धंद्यात ती परवडणारी नव्हती. २०२३ मध्ये अट गेली. "तेव्हापासून घरात माझी पत वाढली," त्यांच्या पत्नी पोहे वाढताना म्हणाल्या. "सही करायला तरी विचारतात."

कागदांची पिशवी

दुकानाचं नाव पुसट झालेली कापडी पिशवी प्रत्येक जुन्या घरात असते. तिच्यात बिल्डरशी झालेला मूळ करार, शेअर सर्टिफिकेट, १९९१ची लाइट बिलं, कुणाची तरी जन्मपत्रिका. अभियंते पत्रिकेखेरीज सगळं वाचतात.

कोथरूडच्या फ्लॅटमध्ये मालकीणबाईंची मुलगी परदेशात आणि मुलगा नागपुरात. नॉमिनी म्हणून मुलीचं नाव होतं, त्यामुळे ती स्वतःला मालक समजत होती आणि एजंटताईही तसंच समजत होत्या. नॉमिनी हा वारसांचा विश्वस्त असतो. सोसायटी त्याचं नाव लावून घेते, पण भावाचा हिस्सा त्यामुळे जात नाही. नागपूरच्या भावाला विक्रीची वार्ता अभियंत्यांच्या वकिलांकडून कळली. पुढचे दोन आठवडे काय झालं असेल, ते वाचकांना सांगायला नको.

विकणारी व्यक्ती अनिवासी असली तर वेगळाच पेच. एरवी पन्नास लाख किंवा त्यावरच्या व्यवहारात खरेदीदार एक टक्का टीडीएस कापतो. अनिवासी विक्रेत्याच्या बाबतीत तो दीर्घ मुदतीच्या नफ्याच्या कराच्या दराने कापावा लागतो, आणि हे राहून गेलं तर आयकर खातं खरेदीदाराचं दार ठोठावतं. १ एप्रिल २००१ पूर्वी घेतलेल्या घराला त्या तारखेचं बाजारमूल्य खरेदी किंमत म्हणून धरता येतं, त्यासाठी व्हॅल्युअरचा अहवाल काढतात. २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीत निवासी माणसाला महागाई निर्देशांकासह २० टक्के की त्याविना साडेबारा, हा पर्याय जुन्या घरांपुरता उरला आहे. परदेशातल्या मुलीला तो नाही. एकाच आईच्या एकाच फ्लॅटवर बहीण-भावांना दोन वेगळे हिशेब लागतात.

आणि सर्वांत वरचा कागद म्हणजे कन्व्हेयन्स. सोसायटी स्थापन झाल्यावर चार महिन्यांत बिल्डरने जमीन तिच्या नावे करून द्यायची, असा मोफा या फ्लॅट-मालकी कायद्याच्या नियमांचा दंडक. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी मालमत्ता पत्रकावर अजून मूळ शेतकऱ्याच्या नातवंडांची नावं आहेत. त्यावर उतारा म्हणून बिल्डरच्या सहीवाचून होणारं मानीव अभिहस्तांतरण आलं. जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज, सुनावण्या, आदेश, मग नोंद. ते झालं नसेल तर अभियंते आपला दुसरा भाव निम्म्यावर आणतात. फ्लॅटचे मालक तुम्ही, जमिनीचा मालक कुणी तिसराच, अशा अवस्थेत पुनर्विकासाचं बोलणं सुरू करता येतं, संपवता येत नाही.

पाडायच्या इमारतीत नवी फरशी

कर्वेनगरातल्या त्या काळवंडलेल्या आठ फ्लॅटांच्या इमारतीत अभियंत्यांनी तळमजल्यावरचं घर घेतलं. तिथे फक्त पोटाचं काम केलं: वॉटरप्रूफिंग, पाइप, वायरिंग आणि साधा रंग. ओटा तोच कडप्प्याचा. मग एका खासगी इस्पितळातल्या तीन परिचारिकांना भाड्याने दिलं.

भाड्याचा त्यांचा हिशेब मला आवडला, कारण तो स्वतःची समजूत घालत नाही. ८० लाखांच्या घराला आहे तसं २२ हजार भाडं मिळतं असं धरा. दहा लाख टाकून चकाचक केलं तर २८ हजार. वरचे सहा हजार महिन्याला म्हणजे वर्षाला ७२ हजार, दहा लाखांवर सात टक्क्यांच्या जरा वर. ऐकायला बरं वाटतं. पण दहा लाख बँकेत ठेवले तर दहा वर्षांनी दहा लाख परत मिळतात, फरशी-फर्निचरमध्ये घातले तर दहा वर्षांनी भंगारवाला येतो. शिवाय भाड्याने दिलं की स्वतः राहणाऱ्याला मिळणारी पुणे महापालिकेची ४० टक्के कर सवलत जाते, सोसायटी सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत बिनभोगवटा शुल्क लावते आणि अकरा महिन्यांनी घर रिकामं झालं की एक-दीड महिना तसंच जातं. त्यांचा निष्कर्ष असा, की भाडं वाढतं ते गळती, वीज आणि पाणी ठीक असण्यापर्यंतच्या खर्चाने. त्यापुढचा खर्च भाडेकरूच्या वाढदिवसाच्या फोटोंना उपयोगी पडतो. मला यातलं सगळं पटत नाही. चांगल्या स्वयंपाकघराने भाडेकरू टिकतो हेही मी पाहिलं आहे. पण आकड्यांत त्यांना खोडणं मला जमलं नाही.

आठ फ्लॅटांच्या त्या इमारतीत वरच्या मजल्यावर एका जोडप्याने तीन वर्षांपूर्वी चौदा लाख घालून घर केलं. तेच आता पुनर्विकासाचे सर्वांत कडवे विरोधक. बिल्डर नव्या घराचं क्षेत्र मोजतो ते जुन्या कार्पेटवर. कुणाच्या घरात शहाबादी आणि कुणाच्या घरात मार्बल, हे त्याच्या तक्त्यात नसतं. सभेत त्या गृहस्थांनी विचारलं, "आमच्या इंटिरिअरचं काय?" बाकीचे सहानुभूतीने गप्प बसले आणि मग सेक्रेटरींनी विषय क्रमांक तीन पुकारला.

४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानुसार पुनर्विकासाच्या विशेष सभेला दोन तृतीयांश सदस्य हजर लागतात आणि उपस्थितांपैकी ५१ टक्के बाजूने. आठ जणांत आकडे सोपे, माणसं अवघड. एक सदस्य अमेरिकेत, मेलला उत्तर देत नाहीत. एकांना तिसऱ्या बिल्डरची ऑफर बघायची आहे. एक आजी म्हणतात मला इथेच जाऊ द्या, मग काय ते करा.

यंदाच्या सभेत दोन ठराव होते. पुनर्विकासासाठी सल्लागार नेमायचा, किंवा गच्चीची गळती आणि पार्किंगमधले दोन खांब दुरुस्त करायचे. दोन्हींसाठी पैसे नव्हते. पाडकामात सर्वांत जास्त फायदा ज्यांचा, ते अभियंते दुरुस्तीच्या बाजूने बोलले. बिल्डर पाच वर्षांनी येईल किंवा येणार नाही, सळ्या दोन्ही परिस्थितींत गंजणारच, आणि खाली तीन मुली राहतात, एवढंच. मार्बलवाल्या गृहस्थांनी पहिल्यांदाच त्यांना पाठिंबा दिला, अमेरिकेतले सदस्य मतदानाला नव्हतेच. दुरुस्तीचा ठराव चार विरुद्ध तीन मतांनी मंजूर झाला. वर्गणी प्रत्येकी ६० हजार, तीन हप्त्यांत, पहिला दसऱ्यापूर्वी. तो आतापर्यंत पाच जणांनी भरला आहे.